शिपायाच्या मनाची जखम

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथून पूर्वेस जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेंद्रा हें गांव लागतें. चैत्रांत भरणाऱ्या मांगीरबाबांच्या जत्रेमुळें या गांवाचें नांव मराठवाड्यांत फार दिवसांपासून परिचित आहे, आणि अलीकडे तेथें उभ्या राहिलेल्या कारखान्यांच्या वसाहतीमुळें तें अधिकच दूरवर पोंचलें आहे. परंतु या रस्त्याचा आणखीहि एक इतिहास आहे. त्याच्या एका टोकाला औरंगाबादची छावणी आणि दुसऱ्या टोकाला जालन्याची छावणी. दोन्हीहि निजामाच्या खर्चानें पोसल्या जाणाऱ्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या. शतकाहून अधिक काळ या टापूंतून पलटणी गेल्या आणि पलटणी आल्या. गेलेल्यांपैकीं किती मेले आणि किती जखमी झाले याचे आंकडे लष्कराच्या दप्तरांत मिळतात. पण जे धडधाकट हातापायांनीं परत आले आणि तरीहि पूर्वींसारखे राहिले नाहींत, त्यांचा हिशेब कोणी ठेवला?

असा माणूस दिसावयास सुदृढ असतो. परंतु रात्रीं दचकून उठतो. दार आपटलें कीं अंग चोरतो. ज्या गोष्टीनें रणांगणाची आठवण होईल ती टाळतो. आणि आप्तस्वकीयांच्या मेळ्यांतहि परक्यासारखा बसतो. या दुखण्याला १९८० सालीं अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें आपल्या अधिकृत यादींत एक नांव दिलें. मराठींत त्याला आघातोत्तर तणावविकार म्हणतात. नांव अशा रीतीनें अगदीं अलीकडचें असलें, तरी दुखण्याच्या खुणा इतिहासांत पुष्कळ जुन्या काळापासून सांपडतात. त्यांतील एक तर शेंद्र्यापासून फार दूर नसलेल्या रणांगणावरच सांपडते.

१८०३ सालच्या ऑगस्टच्या २९ तारखेला जनरल आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढें वॉटर्लूच्या लढाईनें जगप्रसिद्ध झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन, आपल्या फौजेसह औरंगाबादेस पोंचला. पुढें थोड्याच दिवसांत त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन यानें जालना हस्तगत केलें. सप्टेंबरच्या २३ तारखेस भोकरदनजवळ असई या गांवीं शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशीं वेलस्लीची गांठ पडली. शिंद्यांच्या तोफखान्यानें त्या दिवशीं जो मारा केला, त्याची आठवण इंग्रजांना पुढें कित्येक वर्षें राहिली. वेलस्लीच्या फौजेंतील सुमारें १,६०० माणसें मारलीं गेलीं किंवा घायाळ झालीं. मराठ्यांच्या बाजूचीं सुमारें १,२०० प्रेतें रणभूमीवर पडलीं होतीं. इंग्रजांच्या घायाळांसाठीं पुढें अजिंठ्याच्या कोटांत इस्पितळ उघडावें लागलें.

वेलस्ली विजयी झाला होता. त्याच्या अंगाला मोठी इजाहि झालेली नव्हती, मात्र त्याच्याखालचा एक घोडा मारला गेला होता आणि दुसरा भाल्यानें जखमी झाला होता. त्या रात्रीं तो रणभूमीजवळच निजला. आपले सारे मित्र मारले गेले आहेत अशा भासानें तो पुनःपुन्हां दचकून जागा होई, आणि सकाळीं उठल्यावर त्यानें एकेकाची विचारपूस केली, असें पुढें त्याच्याच सांगण्यावरून नमूद झालेलें आहे. पोलादी स्वभावाचा म्हणून ज्याची ख्याति, त्या चौतीस वर्षांच्या सेनापतीची ही विजयाची रात्र!

त्याच रात्रीं शिंद्यांच्या गोलंदाजांपैकीं जे जिवंत राहिले त्यांना झोंप कशी लागली असेल, हें कोणींहि लिहून ठेवलेलें नाहीं. त्यांचे सोबती तोफांपाशींच संगिनींनीं भोसकले गेले होते. विजेत्या सेनापतीचें स्वप्न इतिहासांत उरलें. पराभूत शिपायाचें त्याच्याबरोबर गेलें. हा भेद या विषयाच्या अखेरपर्यंत आढळतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. एका रात्रीचें भयंकर स्वप्न म्हणजे रोग नव्हे. संकटांत माणसाचें शरीर आपोआप सज्ज होतें. काळीज धडधडूं लागतें, श्वास वाढतो, स्नायूंकडे रक्त धांवतें, भूक आणि थकवा यांची जाणीव मावळते. मेंदूंत बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे, त्याला अमिग्डला म्हणतात. तो जणूं चौकीदाराचें काम करतो. धोका दिसतांच विचार करण्यास न थांबतां सर्व शरीराला इशारा देतो. या इशाऱ्यामुळेंच शिपाई क्षणार्धांत जमिनीवर पडतो आणि वांचतो. संकट टळलें म्हणजे हा चौकीदार शांत व्हावयाचा, आणि घडलेली गोष्ट 'घडून गेली' अशा खुणेसह स्मृतींत आपल्या जागीं ठेवली जावयाची, असा निसर्गाचा नियम आहे. बहुतेक माणसांच्या बाबतींत कांहीं दिवसांत वा आठवड्यांत तसें होतेंहि.

परंतु संकट फार भयंकर असेल, किंवा तें आठवडेच्या आठवडे टळतच नसेल, तर ही व्यवस्था बिघडते. चौकीदार उतरावयास तयार होत नाहीं. घडलेली गोष्ट भूतकाळांत जाऊन बसत नाहीं. वास, आवाज, एखादा शब्द एवढ्या निमित्तानें ती आत्तांच घडत असल्यासारखी उभी राहते. मग माणूस त्या निमित्तांनाच टाळूं लागतो. बाजारांत जात नाहीं, लग्नकार्याला जात नाहीं, झोंपेचीहि त्याला भीति वाटूं लागते. हीं लक्षणें महिन्याहून अधिक काळ टिकलीं आणि त्यांनीं संसाराची घडी विसकटली, म्हणजे आजचे वैद्य त्याला आघातोत्तर तणावविकार म्हणतात. रणांगणावर ज्या सवयीनें शिपायाचे प्राण वांचविले, तीच सवय घरीं आल्यावर त्याला जगूं देत नाहीं. भित्र्या माणसाला हा रोग होतो आणि शूराला होत नाहीं, ही समजूत म्हणूनच मुळांत चुकीची आहे. तरी ती किती काळ टिकली आणि तिनें किती नुकसान केलें, हें पहिल्या महायुद्धाच्या इतिहासावरून दिसतें.

हैदराबाद कंटिंजंटची निराळी फौज म्हणून असलेली ओळख १९०३ सालीं संपली आणि तिचे रिसाले व पलटणी हिंदी लष्करांत सामील झाल्या. त्याच रिसाल्यांपैकीं विसावा डेक्कन हॉर्स १९१४ सालीं फ्रान्सला रवाना झाला. त्यांत दक्षिणी मुसलमान होते, तसेच शीख आणि जाटहि होते. सोमच्या प्रचंड लढाईंत, १९१६ च्या जुलैच्या १४ तारखेस, हाय वुड नांवाच्या रानाजवळ या रिसाल्यानें भाले सरसावून घोडे घातले. मशीनगनच्या युगांत अशी दौड म्हणजे जुन्या युद्धपद्धतीचा जवळजवळ शेवटचा श्वास होता. असईच्या लढाईचा निकाल एका दिवसांत लागला होता. फ्रान्समधील युद्ध मात्र खंदकांत बसून, महिनोन् महिने, न दिसणाऱ्या शत्रूच्या तोफांखालीं कंठावयाचें होतें. तेथें शिपायाला धांवतां येत नसे आणि उलट वारहि करतां येत नसे. नुसतें बसून पुढचा गोळा कोठें पडतो याची वाट पहावयाची. शरीर लढण्यास सज्ज झालेलें, आणि लढण्यास कोणी समोर नाहीं! मनाला सर्वांत जास्त झिजविणारी अवस्था ती हीच.

थोड्याच महिन्यांत इस्पितळांतून असे शिपाई येऊं लागले, कीं ज्यांच्या अंगावर ओरखडाहि नव्हता, पण ज्यांना दिसेनासें झालें होतें, बोलतां येत नव्हतें, किंवा ज्यांचे हातपाय सारखे थरथरत होते. चार्ल्स मायर्स या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें १९१५ सालीं लॅन्सेट या वैद्यकीय पत्रांत अशा रोग्यांची हकीकत छापली आणि 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हा शब्द रूढ झाला. प्रथम वाटलें, कीं गोळा जवळ फुटल्यानें मेंदूला हिसका बसत असावा. परंतु ज्यांच्याजवळ एकहि गोळा फुटला नव्हता त्यांनाहि तें दुखणें झालेलें आढळलें. तेव्हां खुद्द मायर्सलाच तो शब्द अपुरा वाटूं लागला. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यांत अशा रोग्यांची संख्या सुमारें ८०,००० झाली. त्याच युद्धांत पळून जाणें, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठीं कित्येक शिपायांना पहांटे उभे करून गोळ्या घालण्यांत आल्या. त्यांपैकीं ३०६ जणांना ब्रिटिश सरकारनें मरणोत्तर क्षमा केली ती २००६ सालीं, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनंतर!

हिंदी शिपायाच्या बाबतींत तर संशय अधिकच तीव्र होता. १९१४ च्या हिंवाळ्यांत हाताला गोळी लागलेले हिंदी शिपाई मोठ्या संख्येनें इस्पितळांत येऊं लागले, तेव्हां युद्ध चुकविण्यासाठीं ते स्वतःच हातावर गोळी मारून घेतात असा बोभाटा झाला. इंग्लंडांतील ब्रायटन येथील किचनेर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनीं १९१५ सालीं १,००० जखमांची बारकाईनें तपासणी केली, आणि या सरसकट आरोपाला आधार नाहीं असा निष्कर्ष काढला. खंदकांतून बंदूक चालवितांना हात आणि डोकें हींच उघडीं पडतात हें साधें कारण कोणाला सुचलें नव्हतें. ज्या शिपायाची उघड दिसणारी जखमहि संशयास पात्र ठरते, त्यानें न दिसणाऱ्या जखमेविषयीं बोलावें तरी कोणाजवळ? त्याचीं पत्रें सरकारी अधिकारी उघडून वाचीत. तरीहि त्या पत्रांतून हें युद्ध नव्हे, हा जगाचा अंत आहे, महाभारतांत वर्णिला आहे तसा, अशा अर्थाचे उद्गार निसटत असत.

महाभारताचें नांव त्या शिपायाला सहज आठवलें, यांत नवल नाहीं. शांतिपर्वाच्या आरंभीं युधिष्ठिर जिंकलेलें राज्य नको म्हणतो, वनांत जाऊं इच्छितो, आणि मारल्या गेलेल्या आप्तांची, विशेषतः कर्णाची, आठवण त्याला सोडीत नाहीं. युद्ध जिंकल्यानें मन जिंकलें जात नाहीं, हें आपल्या पूर्वजांना ठाऊक होतें. युधिष्ठिराला समजविण्यासाठीं भाऊ, ऋषि, श्रीकृष्ण आणि शरशय्येवरील भीष्म एवढे सारे जमले. दक्षिणेंतील खेड्यांतून गेलेल्या मराठा शिपायाच्या वांट्याला यांतले कोण आले?

मराठी मुलखाचा या युद्धाशीं सर्वांत निकटचा संबंध आला तो फ्रान्समध्यें नव्हे, तर मेसापोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत. तेथें गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचें नांवच पूना डिव्हिजन असें होतें. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी तींत होत्या. कोंकण, सातारा, पुणें, नगर या बाजूंचे शेतकऱ्यांचे मुलगे त्यांत भरती झालेले. बसऱ्यापासून तैग्रिस नदीच्या कांठाकांठानें वर चढत ही डिव्हिजन बगदादच्या जवळ टेसिफोनपर्यंत पोंचली. तेथें १९१५ च्या नोव्हेंबरांत तिला ४,००० हून अधिक माणसें गमवावीं लागलीं, आणि मागें हटून ती कूत-अल-अमारा या गांवांत शिरली. डिसेंबरच्या आरंभीं तुर्कांनीं कूतला वेढा घातला. तो १४७ दिवस चालला.

मनावर ताण आणणारीं जेवढीं म्हणून कारणें आज वैद्य सांगतात, तीं सर्व या १४७ दिवसांत एकवटलीं होतीं. तोफांचा मारा होताच. त्यांत उपासमार आली. गव्हाच्या पिठाचा वांटा उतरत उतरत अखेरीस कांहीं तोळ्यांवर आला. घोडे मारून त्यांचें मांस वाटूं लागले, पण हिंदी शिपायांनीं तें धर्माविरुद्ध म्हणून कित्येक आठवडे नाकारलें. हिंदुस्थानांतील धर्मगुरूंची अनुज्ञा तारायंत्रानें मागविण्यांत आली. तरीहि पुष्कळांनीं अगदीं एप्रिलपर्यंत त्याला हात लावला नाहीं. 'गांवीं कळलें तर आपल्या हातचें पाणी कोण पिईल, मुलीबाळींचीं लग्नें कशीं होतील', ही भीति पोटांतल्या भुकेइतकीच खरी होती. भाजीपाला नाहीं, मांस नाहीं. तेव्हां रक्तपिती, म्हणजे स्कर्व्हीचा रोग, हिंदी शिपायांत पसरला. सुटकेसाठीं आलेल्या फौजा कांहीं मैलांवर लढत होत्या. त्यांच्या तोफा ऐकूं येत, पण त्या पोंचत नसत. त्या प्रयत्नांत सुमारें २३,००० माणसें मेलीं वा जखमी झालीं. दररोज आशा वाटावी आणि दररोज ती मावळावी, असे पांच महिने गेले.

१९१६ च्या एप्रिलच्या २९ तारखेस कूत शरण गेलें. सुमारें १३,००० माणसें कैद झालीं. सेनापति टाउन्झेंड यांस इस्तंबूलजवळच्या एका रम्य बेटावर ठेवण्यांत आलें. शिपायांना वाळवंटांतून पायीं हांकण्यांत आलें. जे टिकले त्यांतील पुष्कळांना रास-अल-ऐन येथें बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलें. कैदेंत ४,००० हून अधिक मृत्यू पावले. कल्याणकुमार मुखर्जी हे बंगाली लष्करी डॉक्टर १९१७ सालीं रास-अल-ऐन येथेंच वारले. त्यांचीं पत्रें मागें राहिलीं म्हणून त्यांच्या मनांतील खळबळ तरी आज कळते. मराठा शिपायांपैकीं बहुतेकांना लिहितांवाचतां येत नव्हतें. त्यांच्या मनांत काय चाललें होतें, तें त्यांच्याबरोबरच लोपलें.

जे परतले त्यांना गांव कसा दिसला? १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची साथ येऊन देशांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं होतीं. मुंबई इलाख्याला तिचा तडाखा फार मोठा बसला. त्याच वर्षीं पाऊसहि पडला नाहीं. कैदेंतून सुटून आलेल्या कित्येकांना घराचें दार उघडावयास कोणी उरलें नसेल. आज अभ्यासानें असें ठरलें आहे, कीं आघात झालेला माणूस सुधारेल कीं नाहीं, हें रणांगणावर काय झालें यावर जितकें अवलंबून असतें, तितकेंच परत आल्यावर त्याला काय मिळालें यावरहि असतें. ऐकणारें माणूस, स्थिर अन्न, आणि आपण केलेल्या कष्टाचा कोणी तरी मान राखला ही जाणीव, यांनीं जखम भरून येऊं लागते. यांतील कांहींच न मिळाल्यास ती चिघळते.

शरीरानें अपंग झालेल्यांसाठीं कांहीं सोय झाली होती. १९१७ सालीं मुंबईंत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली. ती पुढें खडकीस आली, आणि हातपाय गमावलेल्या शिपायांना तिनें धंदे शिकवून पोटाला लावलें. मनानें मोडलेल्या शिपायाला मात्र तशी जागा नव्हती. गांवांत कोणी म्हणे त्याला बाहेरची बाधा झाली, कोणी म्हणे तो ताडीमाडीच्या नादाला लागला, कोणी म्हणे विलायतेच्या वाऱ्यानें माणूस बिघडला. त्याची बायको आणि आई यांनीं तें निमूटपणें सोसलें.

महाराष्ट्रांतील पुष्कळ गांवांत चावडीवर किंवा वेशीजवळ त्या युद्धाचे संगमरवरी फलक अद्याप दिसतात. या गांवांतून इतके इसम महायुद्धावर गेले आणि त्यांपैकीं इतके मेले, असे दोन आंकडे त्यावर कोरलेले असतात. सातारा जिल्ह्यांतील आपशिंगे हें गांव आपशिंगे मिलिटरी या नांवानेंच ओळखलें जातें. तेथील ४६ जण त्या युद्धांत कामीं आले. या दोन आंकड्यांच्या मध्यें तिसरा एक आंकडा होता, जिवंत परतून आंतून मोडलेल्यांचा. तो कोणत्याहि फलकावर नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत हा तिसरा आंकडा मोजण्याचा प्रथमच नेटानें प्रयत्न झाला, आणि तोहि ज्या भूमीवर मराठ्यांनीं मोठा पराक्रम गाजविला त्याच इटलींत. १९४४ च्या जुलैच्या १० तारखेस टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत नाईक यशवंत घाडगे यांनीं आपले सारे सोबती पडल्यावर एकट्यानें मशीनगनचें ठाणें घेतलें आणि तेथेंच देह ठेवला. १९४५ च्या एप्रिलच्या ९ तारखेस सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनीं गोळ्यांच्या वर्षावांत जखमी सोबत्यांना पलीकडे नेलें आणि एकामागून एक शत्रूचीं ठाणीं बंद पाडलीं. दोघांनाहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मराठी माणसाला त्यांचा अभिमान वाटतो तो योग्यच आहे.

त्याच इटलींतील आघाडीवर त्याच सुमारास अमेरिकन लष्करी मानसोपचारतज्ज्ञ जॉन अ‍ॅपेल यानें शिपायांची पहाणी केली. त्यानें व गिल्बर्ट बीबी यानें १९४६ सालीं जो लेख प्रसिद्ध केला, त्याचा आशय असा, कीं लढाईची संवय होणें अशी कांहीं वस्तूच नाहीं. लढाईचा प्रत्येक क्षण माणसाला झिजवितो. प्रत्यक्ष लढाईचे एकूण सुमारें २०० ते २४० दिवस भरले, म्हणजे मागच्या गोळ्यांतून वांचलेला सामान्य शिपाई निकामी होतो. भित्रा आधीं मोडतो आणि शूर कधींच मोडत नाहीं, असें नाहीं. प्रत्येकाला आपली मर्यादा आहे. एका दिवसाचा पराक्रम कितीहि थोर असला, तरी त्यावरून शेंकडों दिवसांचा भार अजमावतां येत नाहीं.

पुढें अमेरिकेंत व्हिएतनाम युद्धांतील शिपायांची १९८० नंतरच्या दशकांत विस्तृत पहाणी झाली. तेथें सेवा केलेल्या पुरुषांपैकीं दर दहांत सुमारें तिघांना आयुष्यांत केव्हां ना केव्हां हा विकार झालेला आढळला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं ज्यांनीं घनघोर लढाई पाहिली होती त्यांच्यांत हें प्रमाण, फारशी लढाई न पाहिलेल्यांच्या कितीतरी पट होतें. भार जितका अधिक, तितका मोडण्याचा संभव अधिक. या एका सरळ हिशेबानें भ्याडपणाच्या जुन्या आरोपाला उत्तर मिळालें. मात्र त्याच पहाणीची दुसरी बाजूहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे: दहांतील सुमारें सात जणांना हा विकार झालाच नाहीं. युद्धावरून आलेला प्रत्येक शिपाई रोगी असें मानणें हाहि त्याच्यावर अन्यायच होय.

समाज या दुखण्याकडे कोणत्या दृष्टीनें पहात आला, याची साक्ष भाषेंतहि उमटते. नाशिकजवळचें देवळाली हें आपल्याकडचें प्रसिद्ध लष्करी ठाणें. तेथें मुदत संपलेले गोरे सोल्जर स्वदेशीं जाणाऱ्या बोटीची वाट पहात महिनोन् महिने पडून रहात. उन्हाळा, रिकामपण आणि ताप यांनीं कित्येकांचें चित्त ठिकाणावर रहात नसे. त्यावरून 'डूलॅली टॅप', म्हणजे देवळालीचा ताप, हा शब्द सोल्जरांच्या तोंडीं बसला, आणि इंग्रजींत आजहि चक्रम माणसाला 'डूलॅली' म्हणतात. एका मराठी गांवाचें नांव परक्या भाषेंत गेलें तें शिपायाच्या मानसिक क्लेशाची थट्टा म्हणून! थट्टा ही सुद्धां दुःख झांकण्याचीच एक तऱ्हा असते. पण ज्याची थट्टा होते, तो आपलें दुःख सांगावयास पुढें येत नाहीं.

या दुखण्याला उपाय नाहीं काय? आहे, आणि त्याचें मूळहि पहिल्या महायुद्धांतच सांपडतें. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर स्कॉटलंडांतील क्रेगलॉकहार्ट इस्पितळांत अशा अधिकाऱ्यांवर उपचार करीत. 'विसरून जा, मनांत आणूं नका', हा त्या वेळचा सर्वसामान्य सल्ला. आजहि आपल्या घरांत तोच दिला जातो. रिव्हर्स यांनीं १९१७ सालीं दाखवून दिलें, कीं बळानें दडपलेली आठवण रात्रीं दुप्पट जोरानें वर येते. ती थोडी थोडी, धीर देणाऱ्या माणसासमोर उलगडली, तर तिचा विखार उतरतो. आजच्या उपचारांचें तत्त्वहि पुष्कळसें हेंच आहे. शिक्षित उपचारक रोग्याला ती घटना बेताबेतानें आणि पुनःपुन्हां सांगावयास लावतो. टाळलेल्या जागीं हळूहळू नेतो. आणि धोका टळला आहे हें त्या जागत्या चौकीदाराला अनुभवानेंच शिकवितो. जरूर पडेल तेथें औषधेंहि दिलीं जातात. मात्र नवशिक्यानें कुतूहलापोटीं खोदून खोदून विचारणें आणि जाणत्यानें धीरानें ऐकणें, यांतील अंतर घरच्यांनीं ओळखलें पाहिजे.

आपल्या देशांतहि आतां परिस्थिति पालटूं लागली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मनाच्या उपचाराला हक्काचें स्वरूप दिलें. २०२२ सालीं केंद्र सरकारनें टेलिमानस ही दूरध्वनीवरील सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ आहे. १९२३ च्या सुमारास ज्या पुण्यापलीकडे मेसापोटेमियांतून आलेल्या शिपायाचें गाऱ्हाणें ऐकणारें कोणी नव्हतें, त्याच पुण्यांत, सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत, २०२३ सालच्या डिसेंबरांत सैनिकांसाठीं या सेवेचा स्वतंत्र कक्ष उघडण्यांत आला. संख्येच्या मानानें ही सोय लहान आहे, परंतु तिच्या मागची कबुली मोठी आहे: जवानाचें मन जखमी होऊं शकतें आणि तसें सांगण्यांत लाज नाहीं.

तथापि कक्ष आणि कायदे यांचें काम दारापर्यंतचें. दाराच्या आंतलें काम घरच्या माणसांचें आहे. मराठवाड्यांतून आणि पश्चिम महाराष्ट्रांतून आजहि तरुण सीमेवर जातात. निवृत्त होऊन आल्यावर कोणी बँकेच्या दारावर, कोणी शेंद्र्यासारख्या वसाहतींतील कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याचा पोशाख चढवितात. दिवाळींत फटाका वाजतांच त्यांतील एखादा आंत निघून जातो. बोलतां बोलतां एखाद्या सोबत्याचें नांव निघालें कीं गप्प होतो. किंवा रात्रभर ओसरीवर बसून काढतो. अशा वेळीं त्याला तऱ्हेवाईक म्हणून सोडून न देतां, याच्यामागें कांहीं कारण असेल एवढी शंका घरांतील एका माणसाच्या मनांत आली, आणि त्यानें त्याला जाणत्या डॉक्टराकडे जाण्यास धीर दिला, तर जें काम शंभर वर्षांपूर्वीं झालें नाहीं त्याला निदान आरंभ होईल.